एकाच खाटेभोवती: डॉक्टर, नर्स, फिजिओ, फार्मसी आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना अखेरच्या दिवसांतली शुश्रूषा एकत्र कशी शिकवावी

बरा न होणारा आजार असलेल्या माणसाच्या खाटेपाशी दिवसभरात कोण कोण येतं, हे वॉर्डात बसून एकदा पाहा. डॉक्टर राउंडला येतात, थोडा वेळ थांबतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. सिस्टर तिन्ही पाळ्यांत असतात. कूस बदलायला, चादर बदलायला मावशी आणि मामा येतात. छातीसाठी फिजिओ येतो. औषधांच्या खिडकीवर फार्मासिस्ट आणि योजनेच्या कागदांसाठी समाजसेवा विभागातल्या मॅडम असतात. ही सगळी माणसं वेगवेगळ्या कॉलेजांत शिकली आणि एकमेकांना पहिल्यांदा भेटली ती नोकरी लागल्यावर. त्यामुळे नातेवाइकांना एकाच दिवसात तीन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो ‘बघू, प्रयत्न चालू आहेत’, दुसरा म्हणतो ‘घरी न्या’, तिसरा म्हणतो ‘डॉक्टरांना विचारा’.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा मांडला. त्यातली कसोटी सोपी आहे: दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. सगळ्यांना एका सभागृहात बसवून पॅलिएटिव्ह केअरवर (बरा न होणाऱ्या आजारातला त्रास कमी ठेवणारी शुश्रूषा) लेक्चर दिलं, तर यातलं फक्त ‘सोबत’ साधतं. माझं ठाम मत असं की संपूर्ण उपक्रम एका गोष्टीवर उभा राहतो: विद्यार्थ्यांना असं काम द्यायचं, जे त्यांच्यातल्या कुणालाही एकट्याने पूर्ण करता येणार नाही. पुढे लिहिलंय ते हे काम कसं रचायचं त्याबद्दल. महाराष्ट्रातलं शिकवणारं रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

आधी वेळापत्रक सोडवा

असे बहुतेक उपक्रम कल्पनेअभावी नाही, वेळापत्रकामुळे बारगळतात. एमबीबीएसची वर्षं वेगळी, बीएस्सी नर्सिंगला २०२१ च्या अभ्यासक्रमापासून सेमिस्टर, फिजिओथेरपीच्या परीक्षा वेगळ्या महिन्यात. मेडिकल, नर्सिंग आणि फिजिओ नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, पण फार्मसी आणि समाजकार्याची कॉलेजं दुसऱ्या विद्यापीठांची. म्हणून वर्ष सुरू होण्याआधीच सगळ्या प्राचार्यांना एकत्र बसवून आठवड्यातली एक दुपार ठरवून घ्या. आठवड्याला दोन तास, असे सहा आठवडे पुरतात.

ही दुपार ‘जादा’ म्हणून मागू नका. जादा तासांना पहिल्या आठवड्यात सगळे येतात, तिसऱ्यात निम्मे. ते तास प्रत्येकाच्या अभ्यासक्रमात बसवा. एमबीबीएसला २०१९ पासून एटकॉम (वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचा अभ्यासक्रम) आहे आणि त्यात मृत्यूला सामोरं जाण्यावर स्वतंत्र मॉड्यूल आहे, तिथे हे तास धरता येतात. नर्सिंगला क्लिनिकल पोस्टिंगमध्ये आणि समाजकार्याला फील्डवर्कमध्ये मोजता येतात. हजेरी ज्याची त्याच्या कॉलेजच्या वहीत लागली पाहिजे.

विद्यार्थी शेवटच्या वर्षांतले घ्या. ज्याने अजून वॉर्ड पाहिलाच नाही, त्याला स्वतःचं कामच माहीत नसतं, मग तो दुसऱ्याला काय सांगणार? एका गटात सात-आठ जण: दोन मेडिकलचे, दोन-तीन नर्सिंगचे, आणि फिजिओ, फार्मसी, समाजकार्याचा प्रत्येकी एक. मेडिकलची संख्या नर्सिंगपेक्षा जास्त होऊ देऊ नका. जास्त झाली की दहा मिनिटांत तो मेडिकलचा तास होतो.

शिकवणारे दोघं, तेही बरोबरीने

प्रत्येक बैठकीला दोन शिक्षक समोर हवेत, एक डॉक्टर आणि एक नर्सिंगचे. डॉक्टरांनी शिकवायचं आणि सिस्टर ट्यूटरने हजेरी घ्यायची अशी वाटणी झाली, तर तुम्ही तोंडाने काहीही सांगा, मुलं तीच वाटणी शिकतील. सुरू करण्याआधी दोघांनी अर्धा दिवस एकत्र बसून सगळं वठवून बघावं. कोण कुठे थांबेल, मतभेद झाला तर मुलांसमोर तो कसा मांडायचा, हेसुद्धा ठरवावं. दोन शिक्षक एका प्रश्नावर मोकळेपणाने वेगळं बोलतात आणि मग एका योजनेवर येतात, हे मुलांनी फारसं पाहिलेलं नसतं. ते दिसणं म्हणजेच अर्धं शिक्षण.

मराठीत बोला. औषधांची, आजारांची नावं इंग्रजीतच येणार, हरकत नाही. पण चर्चा इंग्रजीत नेली की नर्सिंगची आणि समाजकार्याची बरीच मुलं गप्प होतात. पेशंटशी तर मराठीतच बोलायचंय. परराज्यातून आलेल्या मेडिकलच्या मुलांनाही याचा फायदा होतो.

पहिली बैठक: चोवीस तासांचा कागद

ओळखीत ‘मी अमुक कॉलेजचा’ एवढंच होऊ देऊ नका. गटाला एका पेशंटचा चोवीस तासांचा कोरा तक्ता द्या आणि कोणत्या वेळी खाटेपाशी कोण असेल, काय करेल, हे भरायला सांगा. रात्री ११ ते पहाटे ५ या रकान्यापाशी चर्चा रंगते. दुखणं, भीती, धाप, सगळं रात्री वाढतं आणि त्या वेळी तिथे सिस्टर, मावशी आणि एखादा जागा नातेवाईक एवढेच असतात. मेडिकलच्या मुलांना हा रकाना स्वतः भरू द्या, मध्ये बोलू नका.

याच बैठकीत सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट सांगा, कारण ती इथे चपखल बसते. आधुनिक हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था) चळवळ उभी करणाऱ्या या बाई आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि शेवटी डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनाचं, नात्यांचं आणि पैशांचं, श्रद्धेचं, हे सगळं मिळून एकच वेदना होते, ही मांडणी त्यांची. तिन्ही कामं करून पाहिल्यामुळे त्यांना ती दिसली. आपल्याकडे तीन कामं करणारी एक व्यक्ती मिळणार नाही, म्हणून तिघांना एकत्र बसवायचं.

भारतातली उदाहरणंही हाताशी आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेलं शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस. त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालतं. परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह मेडिसिनची एमडी २०१२ मध्ये सुरू झाली. जवळ असेल तिथे गटाला एक दिवस घेऊन जा.

दुसरी बैठक: फोडलेला केसपेपर

सगळ्या उपक्रमाचा कणा हा आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एका पेशंटची माहिती पाच चिठ्ठ्यांत फोडायची आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या कामातून जे कळू शकतं तेवढंच द्यायचं. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही, तोंडी सांगायची.

पेशंट ५८ वर्षांचे, तंबाखूची जुनी सवय, तोंडाचा कर्करोग, आता बरा होण्यापलीकडे. काल भरती झाले.

मेडिकलच्या चिठ्ठीत: दुखणं दहापैकी आठ. घरी मॉर्फिनची ३० मिलिग्रॅमची एसआर गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिलेली, म्हणजे दिवसाला ६०. किडनी ठीक. पोट पाच दिवस साफ नाही.

नर्सिंगच्या चिठ्ठीत: तोंड उघडत नाही, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) आहे. पत्नी घरी गोळी खलबत्त्यात कुटून पाण्यात कालवून नळीतून देत होती. गालावरच्या जखमेला वास येतो, त्यामुळे नातू जवळ येत नाही.

फार्मसीच्या चिठ्ठीत: एसआर म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी, कुटायची नाही. साधी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी चालते, तिचा परिणाम सुमारे चार तास टिकतो.

फिजिओच्या चिठ्ठीत: मान एका बाजूला आखडलेली, आडवं झाल्यावर धाप लागते, रात्र बसून काढतात.

समाजकार्याच्या चिठ्ठीत: शेजारणीने ‘याची सवय लागते’ असं सांगितल्यापासून पत्नी सकाळची गोळी देतच नाही. धाकट्या मुलीचं लग्न दीड महिन्यावर. वडिलांना आजाराचं नाव सांगितलेलं नाही.

आता गटाला म्हणा, अर्ध्या तासात उद्या सकाळपर्यंतची एकच योजना लिहा. मेडिकलचा विद्यार्थी साहजिकच म्हणतो, दुखणं आठ आहे, डोस दुप्पट करू. कागदावर ते बरोबर दिसतं. पण पेशंटच्या पोटात खरं जात होतं ते दिवसाला ६० नाही, ३०. तेही कुटल्यामुळे एकदम सुटणारं, म्हणजे रात्री गुंगी आणि दिवसभर दुखणं. दुप्पट केला असता तर तो खऱ्या मात्रेच्या चौपट झाला असता. ही माहिती डॉक्टरच्या चिठ्ठीत नाही, समाजकार्याच्या आणि नर्सिंगच्या चिठ्ठीत आहे. सगळं एकत्र आलं की योजना आपोआप जमते: एसआर बंद, साधी मॉर्फिन ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी नळीतून, मध्ये दुखलं तर आणखी ५, किती वेळा लागली ते लिहून ठेवायचं आणि त्या नोंदीवरून उद्या डोस वाढवायचा. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने होणारी मळमळ बहुतेकांत काही दिवसांत जाते, बद्धकोष्ठता जात नाही. जखमेवर मेट्रोनिडॅझोलची गोळी पूड करून, म्हणजे वास कमी होईल. पाठीला उशा लावून तिरकी बैठक, चेहऱ्यावर छोटा पंखा. आणि पत्नीशी सवयीच्या भीतीबद्दल कोण, कधी बोलणार, ते नावासकट.

चर्चेत फार्मसीच्या विद्यार्थ्याकडून कायद्याची बाजू काढून घ्या. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी मॉर्फिन ठेवायला अनेक परवाने लागायचे. आता मॉर्फिनसह काही अत्यावश्यक औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला ती ठेवता येतात. तुमच्या रुग्णालयाला ही मान्यता आहे का, नसेल तर का नाही, हे गटालाच शोधून आणायला सांगा.

खाटेपाशी आणि घरी

तिसऱ्या आठवड्यात खऱ्या पेशंटकडे. एका वेळी तिघांपेक्षा जास्त नको, तेही वेगवेगळ्या कॉलेजांचे. पेशंटची परवानगी आदल्या दिवशी ओळखीच्या सिस्टरने घ्यावी, गटाने दारात उभं राहून नाही. आठ एप्रन एकदम पाहिले की माणूस ‘हो’ म्हणतो, पण ते होकार देणं नसतं. तिघांनी खुर्च्या ओढून बसावं. एकाने बोलावं, एकाने ऐकावं, एकाने फक्त पाहावं: चेहरा, हात, उशाखाली काय ठेवलंय.

गृहभेट जमली तर जरूर करा. वॉर्डात न दिसणाऱ्या गोष्टी घरी पहिल्या पाच मिनिटांत दिसतात. संडास खाटेपासून किती लांब आहे, औषधांचा डबा कुणाच्या ताब्यात आहे, रात्री पेशंटजवळ कोण झोपतं आणि त्याची झोप किती होते. फिजिओचा विद्यार्थी उंबरा पाहतो, समाजकार्याची विद्यार्थिनी सुनेचा चेहरा पाहते, नर्सिंगची मोरीत वाळत घातलेल्या पट्ट्या पाहते. परतल्यावर तिघांनी मिळून एकच टिपण लिहायचं. वेगवेगळी टिपणं मागितलीत तर पुन्हा तीन कॉलेजं होतात.

नातेवाइकांशी बोलणं

यासाठी दोन बैठका ठेवा, एकीत भागत नाही. नातेवाइकांच्या भूमिका विद्यार्थ्यांना देऊ नका, ते लाजतात किंवा हसतात. समाजसेवा विभागातली अनुभवी व्यक्ती किंवा एखादे निवृत्त सिस्टर-ब्रदर ही भूमिका उत्तम करतात. वाईट बातमी सांगण्याची स्पाइक्स पद्धत २००० मध्ये प्रसिद्ध झाली: जागा नीट करणं, त्यांना काय माहीत आहे ते विचारणं, किती ऐकायचंय ते विचारणं, मग सांगणं, भावनांना जागा देणं आणि पुढचं ठरवणं. ती शिकवा, पण पायऱ्या पाठ करण्यात वेळ घालवू नका.

खरी तालीम दाराबाहेरच्या पाच मिनिटांची आहे. आत जाण्याआधी गटाने उभ्या उभ्या तीन गोष्टी ठरवायच्या: सुरुवात कोण करणार, रडू आल्यावर जवळ कोण बसणार, आणि आपण सगळे जे एकच वाक्य सांगणार ते कोणतं. ते वाक्य तोंडाने म्हणून बघायचं. ‘पेशंट सीरियस आहे’ हे वाक्य मी या तालमीत चालू देत नाही. आमच्या वॉर्डांत ते इतक्यांना सांगितलं जातं की त्यातून कुणाला काही कळत नाही. ‘आता आमच्या हातात काही नाही’ हेही नको, कारण ते खरं नाही. त्याऐवजी असं: ‘हा आजार आता बरा होणार नाही. दिवस थोडे आहेत असं आम्हाला वाटतं. पण त्यांचं दुखणं आणि धाप कमी ठेवायचं काम आम्ही शेवटपर्यंत करणार आहोत.’ एवढं बोलून गप्प बसायचं. ही शांतता मुलांना फार जड जाते, तीच पुन्हा पुन्हा करून घ्या.

‘बाबांना सांगू नका’ हा प्रसंग तर हवाच. त्यावर नियम ऐकवायचा नाही, ‘पेशंटचा हक्क आहे’ असं म्हणून तोंड बंद करायचं नाही. ‘तुम्ही त्यांना जपताय, ते कळतंय. त्यांनी स्वतः तुम्हाला काही विचारलंय का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा मुलगा किंवा मुलगी हळूच सांगते, ‘विचारतात रोज.’ बोलणं तिथून पुढे सुरू होतं.

या दोनपैकी दुसऱ्या बैठकीसाठी रात्री दोनचा प्रसंग घ्या. पेशंट विचारतात, ‘सिस्टर, मी वाचेन ना?’ नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणता येणार नाही आणि खोटा धीरही देता येणार नाही. तिने बसावं, हात धरावा, विचारावं, ‘काका, आज असं का वाटतंय?’ जे ऐकलं ते शब्दशः लिहून ठेवावं. मग प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग: सकाळी ती हे रेसिडेंटला, म्हणजे वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला, सांगते. रेसिडेंटची भूमिका मेडिकलच्या विद्यार्थ्याकडे. पहिल्यांदा तो बहुतेक वेळा घाईत ‘हं, बघतो’ म्हणतो. थांबवा, पुन्हा करा. तो हातातलं काम ठेवून ‘नेमकं काय म्हणाले?’ असं विचारेपर्यंत करा. रात्री ऐकलेलं सकाळी हरवणं ही आपल्या वॉर्डांतली फार मोठी गळती आहे आणि ती याच दोन मुलांमध्ये बुजवता येते.

कायदा, पण थोडक्यात

अर्धी बैठक पुरे. केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यापासून सुरुवात करा. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांची शुश्रूषा तिथल्या सिस्टरांनी केली. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रोज अंग पुसणाऱ्याचं म्हणणं न्यायालयाने ऐकलं, हे मुलांना ठळकपणे सांगा.

त्यानंतर ९ मार्च २०१८ चा निकाल: सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली. इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची दोन मंडळं, आणि अंमलाआधी दंडाधिकाऱ्यांना कळवणं. मंडळांत फक्त डॉक्टर असतात. म्हणून गटाला विचारा, सिस्टरचं आणि समाजसेवकाचं म्हणणं त्या मंडळापर्यंत तुम्ही कोणत्या कागदावरून पोचवाल?

‘डामा’ची, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेल्या डिस्चार्जची, चर्चा इथेच. पैसे संपले किंवा आशा संपली की घरचे सही करून पेशंटला नेतात आणि तो मॉर्फिनशिवाय, फोन नंबरशिवाय घरी जातो. तोच पेशंट ठरवून, औषधं देऊन, शिकवून घरी पाठवता येतो. दोन्हींचे कागद शेजारी ठेवून गटाने फरक शोधावा. घरी मृत्यू झाल्यावर नमुना ४-अ मध्ये कारणाचं प्रमाणपत्र कोणता डॉक्टर देणार, हे आधी ठरलेलं नसेल तर कुटुंबाला स्मशानाच्या पासासाठी रात्री दारोदार फिरावं लागतं. हा एक मुद्दा घरी पाठवण्याच्या यादीत प्रत्येक गटाने लिहिलाच पाहिजे.

शेवटचे दोन दिवस

चिन्हं सगळ्यांनी ओळखायला शिकावं: खाणं-पिणं थांबणं, हातपाय गार पडून ठिपकेदार होणं, श्वासात लांब खंड, घशात घरघर. घरघरीने घरचे हादरतात, पेशंटला बहुतेक त्याचा त्रास होत नसतो. कूस बदलायची, गरज पडली तर स्राव कमी करणारं इंजेक्शन द्यायचं. खोलवर सक्शन लावत बसायचं नाही. तोंड ओल्या स्पंजने पुसत राहायचं. गंगाजळ आणि तुळशीपत्र द्यायचं असेल तर अडवू नका, पाणी ओतू नका, ओठ ओले करा, हे नातेवाइकांच्या हाताने करवून घ्या. मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध कुटुंबांना काय हवंय ते विचारा, गृहीत धरू नका.

गटातल्या कुणी मृत्यू पाहिला, तर त्याच दिवशी वीस मिनिटं एकत्र बसा, मावशींनाही बोलवा. तीन प्रश्न पुरे: काय घडलं, काय नीट झालं, मनात काय राहिलंय.

गुण कसे द्यायचे

बहुपर्यायी परीक्षेतून यातलं काही कळत नाही. एकत्र शिकण्याची तयारी मोजणारी १९९९ ची रिपल्स ही एकोणीस विधानांची प्रश्नावली बरेच जण आधी आणि नंतर भरून घेतात. भरून घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. एकत्र काम चांगलं असतं, हे मुलं पहिल्याच दिवशी लिहून देतात. त्यापेक्षा नवा फोडलेला केसपेपर द्या आणि लिहिलेल्या योजनेला सगळ्या गटाला एकच गुण द्या. सोबत पहा, कुणाच्या चिठ्ठीतली माहिती योजनेत आलीच नाही. ती ज्याची, तो बोलला नाही की त्याला ऐकलं नाही, हे गटाला विचारा. वॉर्डाच्या सिस्टर इन्चार्जना तीन महिन्यांनी विचारा की या मुलांच्या हँडओव्हरमध्ये (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला देण्यात) काही फरक पडलाय का.

हे सगळं पहिल्याच वर्षी जमवायला जाऊ नका. एक वॉर्ड, एक डॉक्टर, एक सिस्टर ट्यूटर, आठ विद्यार्थी आणि फोडलेला एक केसपेपर, एवढ्यावर सुरू करा. फार्मसी कॉलेज लांब असेल तर रुग्णालयाच्या फार्मासिस्टना तेवढ्या एका दुपारी बोलवा. पहिली तुकडी संपली की तिच्यातले दोघं, एक मेडिकलचा आणि एक नर्सिंगची, पुढच्या तुकडीच्या दुसऱ्या बैठकीला मदतनीस म्हणून घ्या आणि नवीन चिठ्ठ्या त्यांनाच लिहायला सांगा.